जुनी टाकी, गायकरांचं घर

एप्रिल १९९५ मध्ये मोरिवलीतल्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात, कँटीनच्या छपरावर आठ अँटेना उभ्या राहिल्या. त्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या हेमचंद्रने उल्हासनगरात, फर्निचर बाजारामागच्या एका गाळ्यातून कापून आणल्या होत्या. मी सोबत होतो. गाळ्याच्या सिंधी मालकाने आठही नळ्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, "साईं, एक घर में आठ टीवी?" हेमचंद्र म्हणाला की टीव्हीसाठी नाहीत, कोण कुठून बोलतंय ते शोधायला आहेत. मालक दोरी बांधता बांधता म्हणाला, "फिर मेरी घरवाली को पता मत देना."

हेमचंद्र एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत असे. अंबरनाथ पूर्वेला आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. त्याचे सासरे विष्णुपंत देवस्थळी या कारखान्याचे वर्क्स मॅनेजर होते, बदलापूरला कात्रपमध्ये त्यांचा फ्लॅट होता. काम त्यांच्यामार्फतच आलं. मी तेव्हा एका दैनिकासाठी अंबरनाथ-बदलापूरच्या बातम्या देत होतो. कारखान्यात कॉम्प्युटरने चोर पकडणार, एवढं बातमीला पुरेसं होतं.

चोर म्हणजे वायरलेसमध्ये घुसणारा. कारखान्यातले सुपरवायझर कमरेला वॉकी-टॉकी लावत. डिसेंबरपासून त्यांच्या चॅनलवर दुसरंच कुणीतरी येऊ लागलं होतं. वेळ नेहमी दुपारची, जेवणाचा भोंगा होऊन गेल्यानंतरची. बोलणं काही नसे. बटण दाबल्याचा टक् आवाज, मग रिकामी पोकळी, मग बटण सोडल्याचा आवाज. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ती पोकळी मी स्वतः ऐकली. रिकाम्या पिंपात कान घातल्यावर येतो तसा आवाज होता तो.

एकाने बटण दाबून ठेवलं की त्या चॅनलवर दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. फेब्रुवारीत वाफेचा व्हॉल्व्ह बंद करण्याचा निरोप असाच अडकला आणि एका ऑपरेटरचे दोन्ही हात भाजले. मग प्रकरण पोलिसांत गेलं. मुंबईहून तपासाची गाडी आली. तिच्या अँटेनाने एकदा पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं, एकदा टावलीच्या डोंगराकडे, आणि शेवटी ज्या कँटीनमध्ये ते लोक चहा पीत बसले होते तिच्याकडेच.

हेमचंद्रच्या मते यात गाडीची चूक नव्हती. मोकळ्या मैदानात लहर सरळ येते. प्रत्येक अँटेनावर ती किंचित मागेपुढे पोचते आणि त्यावरून दिशेचं गणित मांडता येतं. इथे चहूकडे पोलादी टाक्या, पत्र्याच्या शेड, चिमण्या. लहर दहा ठिकाणी आपटून येणार. म्हणून त्याने गणित सोडून दिलं होतं. तो न्यूरल नेटवर्क वापरणार होता. माणसाच्या मेंदूच्या धर्तीवर कॉम्प्युटरमध्ये जुळवलेलं जाळं, जे सूत्राने चालत नाही, उदाहरणांनी शिकतं.

"तू घरात डोळे मिटून पडलायस," त्याने मला समजावलं. "जिन्यावर पाय वाजला. वहिनी आल्या की दूधवाला, तुला कळतं. गणित केलंस का? नाही. हजार वेळा ऐकलंयस. हे तसंच. फक्त ज्याने शिकवलंय त्याने खरं शिकवायला हवं."

कारखान्याला संशयित शोधायचा नव्हता. तो ठरलेला होता. भगवंत गायकर, राहणार मोरिवली गाव, कारखान्याच्या कुंपणभिंतीला लागून घर. पूर्वी तो इथेच गेटवर होता. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ अनंता सांडपाण्याच्या जमिनीखालच्या टाकीत साफसफाईला उतरला आणि गॅसने गेला. अनंताकडचा वॉकी-टॉकी गाळात राहिला. कारखान्याने टाकी वापरातून काढली, तोंडावर काँक्रीटचा स्लॅब घातला. भगवंतने गेटवर आरडाओरडा केला, त्याला काढून टाकलं. आता विष्णुपंतांचं म्हणणं होतं की तो कुठून तरी सेट मिळवून सूड उगवतोय. सब-इन्स्पेक्टरने सरळ सांगितलं होतं: तुमच्या यंत्राने त्याच्या घराकडे बोट दाखवलं की मी त्याला उचलतो. त्या घरात भगवंत आणि त्यांची आई जनी, दोघंच उरली होती. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसायचं. भगवंत आत गेला असता तर तिला चूल पेटवून देणारंही कुणी नव्हतं.

मी भगवंतला भेटलो. तो चिखलोलीकडच्या एका वीटभट्टीवर ट्रक भरायला जात होता. सेटचा विषय काढल्यावर तो हसला.

"पेपरवाले, मना एक सांगा. त्या आवाजान बोलना नाय, शिवी नाय. नुसता बटन दाबायचा न् सोडायचा. मना सूड घ्यायचा असता तर मी गप बसलो असतो का?"

मग त्याने मला टाकीत उतरणाऱ्यांची रीत सांगितली. पूर्वी वरचा माणूस हाळी द्यायचा आणि खालचा ओ द्यायचा. ओ आली नाही की दोर ओढायचा. सेट आल्यावर हाळी उलटी झाली. खालच्याच्या तोंडावर मास्क, त्याला बोलता येत नाही. त्याने मधून मधून नुसतं बटण दाबून सोडायचं. वरच्याने "हो" म्हणायचं. ते "हो" ऐकू आलं नाही की खालचा पुन्हा दाबतो.

"अनंताच्या वर कोण होतं?" मी विचारलं.

"बाळा व्हता. त्याला दुसरीकडं धाडला. देवस्थळी साहेब बोलले, जा तू, सेट माझ्याकडं हाय."

चौकशीच्या अहवालात असं होतं की अनंता परवानगीची वाट न पाहता उतरला आणि त्याच्याकडून वर कोणताही इशारा आला नाही. अहवालावर पहिली सही विष्णुपंतांची होती.

नेटवर्कला शिकवायची पद्धत साधी होती. कारखान्यात आणि कुंपणाबाहेर जागोजागी चुन्याचे गोल काढले. एकाने सेट घेऊन गोलात उभं राहायचं, बटण दाबून त्या जागेचं नाव घ्यायचं. "बॉयलर." "मागचं गेट." "वजनकाटा." त्याच क्षणी आठ अँटेनांवर काय उमटलं ते कॉम्प्युटर टिपून घेई आणि हेमचंद्र त्यापुढे जागेचं नाव टाकी. एकेका जागेवरून पुन्हा पुन्हा. कामगारांना गंमत वाटत होती. संडासाजवळच्या गोलातून एकजण म्हणाला, "हेड ऑफिस." हेमचंद्रला ती नोंद खोडावी लागली.

गंमत दोन जागांपाशी थांबली. जुन्या टाकीच्या स्लॅबवर पाय ठेवायला कुणीही तयार नव्हतं. आणि गायकरांच्या दारात कामगार पाठवला तर तो भगवंतला सावध करेल, असं विष्णुपंतांना वाटत होतं.

"हेमचंद्रराव, या दोन जागा माझ्याकडे द्या," ते म्हणाले. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, वय झालं तरी ताठ चालणं. ते बॉयलर हाऊसच्या मागे दिसेनासे झाले. दोन्ही जागा त्याच बाजूला होत्या, छपरावरून दोन्ही दिसत नव्हत्या.

थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. "गायकरांचं घर." पुन्हा, "गायकरांचं घर." मग एकदम शांतता. हेमचंद्रने सेटवरून सांगितलं की अजून काही वेळा हवंय. उत्तर नाही. त्याने दोनदा विचारलं. बऱ्याच वेळाने आवाज आला तेव्हा तो दुसऱ्या जागेवरून होता. "जुनी टाकी." हे मात्र त्यांनी भराभर, जितक्या वेळा सांगितलं होतं तितक्या वेळा म्हटलं.

परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. ते नळाखाली वाकून पाणी प्यायले. ऊन फार आहे, एवढंच म्हणाले.

कॉम्प्युटर दोन दिवस शिकत राहिला. कँटीनच्या कोठारात, तांदळाच्या गोण्यांशेजारी टेबल लावलं होतं. पडद्यावर कारखान्याचा आणि गावाच्या कडेचा नकाशा होता. सिग्नल आला की त्यावर एक ठिपका उमटणार.

मंगळवारी दुपारी तो उमटला. खोलीत सब-इन्स्पेक्टर, विष्णुपंत, हेमचंद्र आणि मी. सेटवर टक् झालं. पोकळी. ठिपका कुंपणाच्या बाहेर पडला आणि गायकरांच्या घरावर जाऊन बसला. पुन्हा टक्. पुन्हा तिथेच. सब-इन्स्पेक्टरने टोपी उचलली.

आम्ही पोचलो तेव्हा भगवंत पायरीवर बसून भाकरी आणि बोंबलाचं सुकं खात होता. घर उलटंपालटं केलं. सेट मिळाला नाही. तरी त्याला नेलं. तो हात धुऊन उठला, आईला म्हणाला की मडक्यात पाणी भरलेलं आहे. मग विष्णुपंतांसमोर थांबला.

"साहेब, आवाज माजे घरातना आयला क?"

"यंत्र तसं सांगतंय."

"बरा झाला मग. एकदाचा घरी तरी आयला."

विष्णुपंतांनी वाट करून दिली. जीपमध्ये बसेपर्यंत भगवंत त्यांच्याकडे बघत होता. रागाने नाही. एखाद्याचं माप घ्यावं तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा झाला. भगवंत कोठडीत होता. कोठारात आम्ही तिघंच होतो, आणि खरं तर कुणी कशाची वाट बघत नव्हतं. हेमचंद्र वायरी गुंडाळत होता.

सेटवर टक् झालं.

ठिपका कुंपणाच्या आत आला. जुन्या टाकीवर थांबला. हेमचंद्रने पुन्हा तपासलं. पुन्हा तिथेच. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटकेचा भाव आला, कारण भगवंत निर्दोष होता हे उघड होतं. मग तो मावळला, कारण त्या जागी स्लॅबखाली काय होतं ते त्यालाही माहीत होतं. गाळात बुडालेल्या सेटची बॅटरी दोन वर्षं टिकत नाही. एक दिवसही टिकत नाही.

मी विष्णुपंतांकडे बघितलं. ते भिंतीला टेकून उभे होते.

"नक्की टाकीच दाखवतंय?" त्यांनी विचारलं. "दुसरीकडे नाही ना कुठे?"

"टाकीच, अण्णा," हेमचंद्र म्हणाला. घरात त्यांना सगळे अण्णाच म्हणत.

ते न जेवता निघून गेले. मला वाटलं, टाकीचं नाव ऐकून घाबरले. ते खरं नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

जनी सकाळी मला शोधत आली. शेजारणीचा हात धरून, माझ्या इमारतीचा जिना चढून. मुलाला सोडवा म्हणून रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, "दादा, तो तुमचा सायेब. आमचे दारान उभा रावला. हातान ता बोलायचा यंत्र. न् बोलला, जुनी टाकी. जुनी टाकी. किती येला बोलला. आमचा घर म्हंजे टाकी हाय क?"

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. नजर कमी होती, कान चांगले होते.

मग ती सहज म्हणाली की काल दुपारी घरात वास आला. अंडी नासल्यासारखा. त्या दिवशी अनंताला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या कपड्यांना येत होता तो.

"घाबरलीस?"

"कशाला? मडक्यावरचा झाकन बाजूला व्हता. पानी प्यायला आयला असंल."

तिला रिक्षात बसवून मी हेमचंद्रकडे गेलो. त्याने ऐकलं आणि नकाशाचा कागद पुढे ओढला. दोघांनाही ते एकाच वेळी उमगलं, पण मी ते क्रमाने लिहितो.

विष्णुपंतांनी नावांची अदलाबदल केली होती. गायकरांच्या दारात उभे राहून ते "जुनी टाकी" म्हणाले. म्हणजे त्याआधी "गायकरांचं घर" म्हणाले तेव्हा ते टाकीच्या स्लॅबवर होते. नेटवर्क तसंच शिकलं. टाकीतून सिग्नल आला की ते भगवंतच्या घराकडे बोट दाखवणार होतं. पण ही लबाडी एकाच परिस्थितीत उपयोगाची होती: सिग्नल खरोखर टाकीतून येत असेल तर. तिथून काही येणं शक्य नाही असं ज्याला वाटतं, तो ही अदलाबदल करणार नाही. विष्णुपंतांनी केली. म्हणजे तो आवाज कुठून येतो हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

हेमचंद्रने पेन्सिलने कालचा ठिपका नकाशावर काढला. मग त्याने काल टाकीवर थांबलेल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा उलटा वाच," तो म्हणाला.

काल दुपारी ते टाकीत नव्हतं. गायकरांच्या घरात होतं.

आम्ही कात्रपला गेलो. वृंदा, हेमचंद्रची बायको, आधीच वडिलांकडे आली होती. त्यांचं जेवण सुटलं होतं. विष्णुपंत बाल्कनीत वेताच्या खुर्चीत बसले होते. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. त्यांनी काहीच नाकारलं नाही. एखाद्या यंत्रातला बिघाड समजावून द्यावा तसे ते बोलले.

त्या दिवशी परदेशातून खरेदीदार आले होते. ते त्यांना प्लँट दाखवत होते. कमरेचा सेट सारखा टक् टक् करत होता. पाहुण्यांपैकी एकाने हसून बघितलं. विष्णुपंतांनी आवाज बारीक केला.

"बारीक केला," ते म्हणाले. "बंद नव्हता केला."

हेमचंद्रने विचारलं, स्लॅबवर मध्येच का थांबलात?

ते खाली खेळणाऱ्या मुलांकडे बघत राहिले. "मी बटण दाबलं. म्हणालो, गायकरांचं घर. सोडलं. स्लॅबच्या खालून उत्तर आलं."

"बटणाचं?"

"नाही. माणसाचं. 'आलो' म्हणाला."

वृंदा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने तो खाली ठेवला नाही.

हेमचंद्रने दुसऱ्या दिवशी पोलिसांना लिहून दिलं की शिकवणीत चूक झाली होती, यंत्राचा निष्कर्ष ग्राह्य धरू नये. भगवंत सुटला. सासऱ्यांचं नाव त्याने लिहिलं नव्हतं. त्यावरून आमच्यात थोडी बाचाबाची झाली. तो म्हणाला, आधी मला ते कुठे आहे हे खरं कळू दे.

त्याने नोंदींतली दोन नावं जागच्या जागी केली आणि नेटवर्कला पुन्हा शिकवलं. विष्णुपंत रजेवर गेले. दुपारी आम्ही दोघं कोठारात बसू लागलो.

पहिल्या दुपारी ठिपका गायकरांच्या घरावर नव्हता, टाकीवरही नव्हता. गावाच्या तोंडाशी, रस्त्याला लागून होता. त्यानंतर तो दक्षिणेकडच्या वळणावर दिसला. मग नकाशाची कड ओलांडून गेला आणि पडद्यावर नुसते आकडे राहिले. हेमचंद्रने ते आकडे जिल्ह्याच्या नकाशावर मांडले. चिखलोलीच्या शेतांपाशी खूण आली.

"याला अर्थ नाही," तो म्हणाला. "शिकवलेल्या जागांच्या बाहेर हे ठोकून देतं. याला चिखलोली माहीतच नाही."

नंतरची खूण रेल्वेच्या रुळांच्या पलीकडे, बदलापूरच्या बाजूला पडली. ठोकून देणाऱ्याचं उत्तर दर वेळी वेगळीकडे जायला हवं. हे एकाच वाटेने चाललं होतं, सावकाश, पायी चालणाऱ्याच्या गतीने.

हेमचंद्रने वृंदाला फोन केला. तिने सांगितलं की अण्णांनी कारखान्यातून घरी आणलेल्या सेटची बॅटरी काढून खिडकीतून फेकून दिली, आणि आता बरे आहेत. आज थोडा वरणभात खाल्ला.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी भोंगा झाल्यावर टक् झालं.

आकडे आले. हेमचंद्रने पट्टी ठेवली, पेन्सिल टेकवली. कात्रप.

बटण सोडल्याचा आवाज आला नाही. दाबलेलंच राहिलं. आणि त्या पोकळीत पहिल्यांदाच काहीतरी होतं. पंखा फिरत होता. जुना, दर फेरीला अडखळणारा. लांब कुठेतरी कुकरची शिटी झाली. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

मग एक बाई म्हणाली, "अण्णा, कडी का लावलीत?"

ती वृंदा होती.

हेमचंद्र फोनकडे धावला. कँटीनचा फोन बाहेर लागत नव्हता. तो ऑफिसकडे पळाला. मी सेटपाशी राहिलो, आणि त्यातून येणाऱ्या आवाजासमोर मला काहीही करता येत नव्हतं. माझ्या हातातल्या सेटचं बटण मी दाबून बघितलं. चॅनल त्याच्याकडे होतं.

वृंदा दार वाजवत होती. आधी बोटांनी, मग तळहाताने.

त्या सगळ्याच्या अलीकडे, अगदी जवळ, विष्णुपंतांचा आवाज आला. घाबरलेला नव्हता. ड्यूटीवरच्या माणसाचा होता.

"हो," ते म्हणाले. "आहे. मी आहे वर."

खोकला आला. एकदाच.

टक्. बटण सुटलं.

शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसलेले होते, मान खाली. खिडक्या उघड्या होत्या, पंखा चालू होता. वृंदाला काही झालं नव्हतं, फक्त वास आल्याचं ती सांगत राहिली. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण हायड्रोजन सल्फाइड असं आलं. गटारातून आला असावा, असं नोंदवलं गेलं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. त्यांच्या बोटातली चांदीची अंगठी काळी पडली होती, त्या गॅसने पडते तशी. देवघरातली निरांजनंही. ते देवघर बंद दाराच्या दुसऱ्या बाजूला, वृंदा जिथे उभी होती तिथे होतं.

मी चार ओळींची बातमी दिली. वर्क्स मॅनेजरचं राहत्या घरी निधन.

पावसाळ्याआधी हेमचंद्रने अँटेना उतरवल्या. उतरवण्यापूर्वी त्याने कॉम्प्युटर एकदा चालू केला. मी त्याला विचारलं नव्हतं, त्यानेच जिन्यात थांबवून सांगितलं. ठिपका टाकीवर आहे. या वेळी शिकवणी बरोबर आहे. त्यानंतर त्याने या विषयावर काही लिहिलं नाही, डॉक्टरेटही दुसऱ्या विषयात केली.

नव्या मॅनेजरने भगवंतला गेटवर परत घेतलं. जुलैत एका संपाच्या बातमीसाठी मी तिथे गेलो तेव्हा तो केबिनमध्ये खुर्ची टाकून बसला होता. इस्त्रीचा खाकी शर्ट, कमरेला सेट. आई बरी आहे म्हणाला. दुपारची वेळ होती. जेवणाचा भोंगा नुकताच झाला होता.

सेटवर टक् झालं. मी उभाच राहिलो.

पूर्वीची ती संथ चाल नव्हती. दाबणं, सोडणं, लगेच दाबणं. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. दमून थांबावं तसं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा घाईने.

भगवंत तंबाखू मळत ऐकत होता. "हो" म्हणायला बटणाकडे त्याचा हात गेला नाही. वर कळवणार का, असं मी त्याला विचारलं, तर त्याने नकारार्थी मान हलवली.

"नवीन हाय अजून," तो म्हणाला. "लागंल सवय."

आणि टँकरसाठी गेट उघडायला उठला.